मधले थांबे

गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर
डहाळे मॅडम चित्रांचा गठ्ठा पिसतात.
आज वर निघाला चमचा.
हे बघतात. ओळखतात. हवेतच कप धरून ढवळून दाखवतात
आणि म्हणतात, "हे… त्याचं… कुलूप."
मग लगेच कपाळाला हात.
कुलूप नाही, हे त्यांना आपल्याआधी कळतं.

मॅडम घाई करत नाहीत.
कशाचा असतो? कुठे ठेवतो? त्याने काय करतो?
शब्दाभोवती फिरत राहायचं, म्हणतात,
फिरता फिरता सापडतो.
अगदीच अडलं तर ओठ तयार करून देतात: "च…"
"च… चहा."
जवळ आलात, मॅडम म्हणतात
आणि वहीत अर्धी खूण करतात.

भोवती फिरायचं मला नका शिकवू, बाई.
चव्वेचाळीस वर्षं मी एका नावाभोवती फिरले.
अहो. ऐकलं का. आमच्या बबनचे वडील.
रेशनच्या कारकुनाने विचारलं
तेव्हा कार्डावर बोट ठेवलं.
घेतलं ते एकदाच, सासूबाईंनी उंबऱ्यात अडवलं म्हणून:
द्रोणात दिवा, दिव्यात वात,
… रावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.
तेही इतक्या हळू, की नणंद म्हणाली, परत.

पितरपाटात झटका आला.
हात दिवाळीपर्यंत परत आला, पाय संक्रांतीला.
बोलणं कुठल्या डेपोत अडकलंय, कोणाला माहीत.

एकतीस वर्षं सिटी बसला तिकिटं फाडली ह्यांनी.
हे मॅडमना सांगायचं राहूनच गेलं होतं.
त्या दिवशी खिडकीखाली बसचा हॉर्न वाजला
आणि हे ताठ झाले,
"निमाणी पंचवटी कारंजा मालेगाव स्टँड रविवार कारंजा
शालिमार सारडा सर्कल द्वारका उपनगर
दत्त मंदिर बिटको नाशिक रोड, सुट्टे काढा, सुट्टे!"
एका दमात. एक अक्षर न अडखळता.
मॅडमचं पेन खाली पडलं.

पण नुसतं द्वारका विचारा, येत नाही.
मधल्या थांब्याला चढता येत नाही ह्यांना,
गाडी निमाणीहूनच धरावी लागते.
माझा भाऊ द्वारकेला राहतो.
त्याच्याकडे जायचं असलं की हे भिंतीकडे तोंड करतात,
ओठांतल्या ओठांत निघतात, बोटं मोडत,
आणि करकचून ब्रेक मारतात: "द्वारका!"
परवा ब्रेक लागला नाही. थेट उपनगर.
चिडले. पुन्हा निमाणी.

मग एकदा मॅडमनी गठ्ठ्यातून माझा फोटो काढला.
मीच दिलेला, बबनच्या लग्नातला, डोळे अर्धे मिटलेले.
ह्या कोण?
हे हसले. छातीवर हात ठेवला. शब्द नाही.
मॅडमनी ओठ करून दिले: "शे…"
"शे… शेवटचा…
शेवटचा स्टॉप."
खणखणीत. मागच्या सीटपर्यंत जावं असं.
मॅडम खोडायला निघाल्या, मी म्हटलं, राहू द्या.
पण ह्यांनीच टेबलावर मूठ आपटली.
शेवंता म्हणायचं होतं माणसाला.

रिक्षात आम्ही दोघं गप्प.
घरी दूध ठेवलं. हे ओट्याशी उभे, फोडलेल्या मुलासारखे.
मागे वळून पाहिलं, घरात कोणी नव्हतं.
मी त्यांच्यासमोर तोंड नेलं
आणि मॅडम करतात तसे ओठ केले.
"नि…"
कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या, ह्या वयात.
"नि… वृ…"
हे माझ्या ओठांकडे बघत राहिले.
ओळख पटल्यासारखा चेहरा उजळला.
"नि… निमाणी!"
आणि गाडी सुटली. पंचवटी कारंजा, मालेगाव स्टँड…
शालिमारला दूध उतू गेलं.
मी गॅस बंद केला, त्यांना थांबवलं नाही.
बिटकोनंतर नाशिक रोड आलं,
तिथे ते थांबले आणि माझ्याकडे बघून
उतरा, अशी मान केली.

मंगळवारी पुन्हा जायचंय.
चाळणी, वाटी आणि सांडशी
तयार करून आणायला सांगितलंय.